मदत हवी आहे: फॉलिक ॲसिड लावूनही लोहकण पेशीत जाईनात (तातडीचे)

गोदाकाठ: संभाजीनगरात पीएचडी करायलोय. लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांवर डेक्स्ट्रानचं (साखरेच्या लांब साखळीचं) आवरण, त्यावर फॉलिक ॲसिड. फॉलिक ॲसिडच्या ओढीनं कर्करोगाच्या पेशींनी ते कण आत घ्यावेत आणि एमआरआयमध्ये ती जागा काळी दिसावी, एवढंच दाखवायचंय. पण फॉलिकवाले आणि बिनफॉलिकचे, दोन्हींत प्रुशियन ब्लूचा (लोह असेल तिथं येणारा निळा) रंग सारखाच फिका. सोमवारी गाइडला दाखवायचंय. लवकर सांगा.

काळीमाती: पेशी कोणत्या? फॉलिक जोडलं कसं?

गोदाकाठ: सगळे वापरतात त्याच, हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या). डेक्स्ट्रानवर अमाइन गट आणून ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी जोडलं.

बालाघाट: डेक्स्ट्रान सोडा, सिट्रिक ॲसिड लावा. आमचे कण महिनाभर तळाला बसले नाहीत.

काळीमाती: दादा, कण तळाला बसतात असं ते म्हणालेच नाहीत.

बीडची_लेक: आईचा एमआरआय आहे, आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करायला सांगितलंय. हेच लोहाचं इंजेक्शन देतात का?

काळीमाती: नाही ताई, दवाखान्यात साधारण गॅडोलिनियमचं देतात. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन बघतात. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच.

बालाघाट: म्हणूनच म्हणतो, लोह बरं. फेरुमॉक्सिटॉल या लोहकणांच्या इंजेक्शनला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली, तीही मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी.

मांजरा: ती रक्तक्षयावरचं औषध म्हणून, एमआरआयसाठी नव्हे. आणि काळा ठिपका रक्तस्रावाचाही असतो. गॅडोलिनियमची जागा उजळते, वाचायला सोपी जाते.

गोदाकाठ: माझं राहिलं बाजूला!

मांजरा: पेशी कोणत्या मीडियममध्ये (पोषक द्रवात) वाढवता?

गोदाकाठ: नेहमीचं डीएमईएम. त्याचा काय संबंध?

मांजरा: गोम तिथंच आहे. त्यात लिटरला ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पेशीवरचे रिसेप्टर (फॉलिक ॲसिड पकडणारी प्रथिनं) तेच धरून बसतात, तुमच्या कणांना दारच मिळत नाही. फॉलिक ॲसिड नसलेलं आरपीएमआय मीडियम घ्या, पेशी दोन-तीन पॅसेज (नव्या भांड्यात हलवायच्या फेऱ्या) त्यात वाढवा. मग एका प्लेटमध्ये मुद्दाम मोकळं फॉलिक ॲसिड टाका. तिथं निळा रंग कमी झाला, तर कण रिसेप्टरमधूनच जातात हे गाइडही मानतील.

गोदाकाठ: घटकांची यादी काढून बघितली. फॉलिक ॲसिड, ४.००. आठ महिने रोज हीच बाटली हातात होती. पण दोन-तीन पॅसेज सोमवारपर्यंत कसे व्हायचे? आणि मीडियम मागवायचं तर किती दिवस जातील!

मांजरा: सोमवारी हीच यादी गाइडपुढं ठेवा. आमच्या लॅबमध्ये लातूरला न उघडलेली एक बाटली आहे. थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेऊन शनिवारी या.

बीडची_लेक: क्रिएटिनिन ०.९ आलंय. आई उपाशीपोटी न्यायची का?