जपानी रंध्यातली ‘नाजिमी’, हिला मराठीत काय म्हणायचं? (शब्दचर्चा)

सुतारकाम येणाऱ्या आणि शब्दांत रमणाऱ्या दोन्ही मंडळींना विचारतोय. गेले चार महिने मी जपानी पद्धतीचा लाकडी रंधा बनवतोय. त्याला तिकडे ‘कन्ना’ म्हणतात. पातं जपानहून मागवलंय आणि लाकडाचं सगळं काम माझं. एका वहीत डावीकडे जपानी शब्द आणि उजवीकडे मराठी असं लिहीत चाललोय, कारण आजोबा सुतार होते आणि त्यांच्या तोंडचे शब्द मला यात वापरायचे आहेत. बहुतेक ओळी भरल्या, एक ओळ तीन आठवडे रिकामी आहे.

आधी वस्तू कशी असते ते सांगतो म्हणजे शब्द सुचवायला सोपं जाईल. आपला रंधा पुढे ढकलायचा, कन्ना स्वतःकडे ओढायचा. आपल्या लाकडी रंध्यात पातं पाचर मारून आवळतात, कन्नामध्ये पात्यासाठी वेगळी पाचरच नसते, पातंच पाचरीसारखं घडवलेलं असतं, डोक्याकडे जाड आणि धारेकडे पातळ, आणि ठोकळ्यात आतून दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा असतात त्यांत ते वरून सरकत येतं आणि येता येता आवळत जातं. धार पुढे काढायची तर पात्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी, मागे घ्यायची तर ठोकळ्याच्या डोक्यावर. स्क्रू नाही, काही नाही.

ठोकळ्याला ‘दाइ’ म्हणतात. तिकडे तो बहुतेक ‘शिराकाशी’चा, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या ओकचा असतो आणि झाडाच्या सालीकडची बाजू खाली तळाला ठेवतात. मी दहा वर्षं माळ्यावर वाळलेला बाभळीचा ठोकळा घेतलाय. पात्याच्या मागची उतरण ‘८ सुन’ची, म्हणजे १० आडवं गेलं की ८ उभं, साधारण ३९ अंश. हे मोजमाप मला फार आवडलं, अंश नाही कोनमापक नाही, गुण्यावर (सुताराच्या काटकोनी पट्टीवर) दोन आकडे धरले की झालं.

आता मुद्दा. ही जी तिरकी उतरण, जिच्यावर पात्याची पाठ टेकते, तिला ‘ओमोते-नाजिमी’ म्हणतात. ओमोते म्हणजे दर्शनी बाजू, पात्याची जी बाजू मी पाठ म्हणतोय तीच तिकडे दर्शनी. आणि नाजिमी हा शब्द आलाय ‘नाजिमु’ या क्रियापदावरून. नवी चप्पल पायाला सवयीची होते ते नाजिमु, माणूस नव्या गावात हळूहळू रुजतो तेही नाजिमु. ‘ओसानानाजिमी’ म्हणजे लहानपणापासूनचा मित्र. ‘नाजिमी नो मिसे’ म्हणजे आपलं नेहमीचं दुकान, जिथे दुकानदार तोंडाने ओळखतो. आणि हाच शब्द त्यांनी लाकडाच्या त्या चार बोटं उतरणीला दिलाय!

काम केल्यावर कळतं का दिलाय. पात्याच्या पाठीला काजळ किंवा शाई तेलात कालवून अगदी पुसट लावायची, पातं खाचेत घालून ठोकायचं, परत काढायचं, लाकडावर जिथे काळे ठिपके उठले तिथे पातं दाबतंय, तेवढंच पटाशीने खरवडायचं, केसभर, की परत काजळ परत ठोकणं. असं दहा वेळा, वीस वेळा. घाईत एकदा जास्त खरवडलं की पातं सैल आणि मग तो ठोकळा गेलाच म्हणायचं. शेवटी ठिपके सगळीकडे सारखे पसरलेले दिसतात. ती उतरण पात्याच्या पाठीची ओळख झाल्यासारखी असते. तिला मी मराठीत काय म्हणू?

प्रतिसाद

‘बैठक’ म्हणा की सरळ. आमच्याकडे पंपाच्या व्हॉल्व्हचीसुद्धा बैठकच घासतात, निळा रंग लावून, अगदी तुम्ही सांगताय तीच पद्धत. बैठक बरोबर नसली तर गळतं.

प्रतिसाद

बैठक चांगला आहे पण धागाकर्त्यांना जे हवंय ते त्यात नाही असं वाटतं. बैठक म्हणजे जागा झाली, सवय नाही आली. मी रुळणं सुचवेन. कोल्हापुरी पायताण आणलं की आधी लागतं, तेल पाजून चार दिवस घातलं की रुळतं. माणूससुद्धा नोकरीत रुळतो, सून घरात रुळते. तुम्ही दिलेल्या जपानी उदाहरणांपैकी चप्पल आणि गाव दोन्हीला हा शब्द जसाच्या तसा बसतोय बघा.

प्रतिसाद

स्वयंपाकघरातून एक शब्द देते. मिळून येणं. पिठलं किंवा आमटी मिळून आली म्हणतो तेव्हा पाणी वेगळं आणि डाळ वेगळी राहत नाही. पातं आणि लाकूड मिळून आलं असं म्हणून बघा. शिवाय रांधणं आणि रंधणं किती जवळचे शब्द आहेत, दोन्ही एकाच मुळातून आलेत का हो?

प्रतिसाद (धागाकर्ता)

ताई, ‘मिळून आलं’ वाचून खूप आनंद झाला, हे मला सुचलंच नव्हतं. पण एक अडचण आहे, मिळून आलेली आमटी परत वेगळी करता येत नाही आणि कन्नाचं पातं रोज काढावं लागतं, धार लावायला. काम झाल्यावर पातं थोडं सैल करूनही ठेवतात, लाकडावर सतत ताण राहू नये म्हणून. म्हणजे रोज वेगळं व्हायचं आणि रोज परत त्याच जागी जुळायचं. जुन्या मित्राचा शब्द त्यांनी इथे वापरला तो यामुळेच मला पटतो.

रांधणं आणि रंधणं मात्र वेगळे. रांधणं संस्कृतातून आलेलं. रंधा हा फारसी ‘रंदा’, हिंदीतही रंदाच आहे, फारसीत ‘रंदीदन’ म्हणजे खरवडणं, तासणं. ‘ध’ आपण मराठीत आल्यावर केला. काही जण रंध्र या शब्दाशी जोडतात, रंध्याला मध्ये भोक असतं म्हणून, ते ऐकायला बरं वाटतं पण तसं नाही. आणि तुम्ही स्वयंपाकघरातून बोलताय म्हणून सांगतो, फारसीत रंदा म्हणजे किसणीसुद्धा! जपानमध्येही हे नातं प्रत्यक्ष दिसतं, वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस काढायला एका पेटीवर उलटा रंधाच बसवलेला असतो, पातं वर तोंड करून, आणि मासा त्याच्यावरून घासतात.

प्रतिसाद

मी काही वर्षं ओसाकाला होतो आणि भाषा शिकत होतो म्हणून थोडी भर. जपानीत रंधा चालवण्याला ‘कन्ना ओ काकेरु’ म्हणतात. हे काकेरु क्रियापद व्हॅक्यूम क्लीनरला, इस्त्रीला, फरशी पुसायच्या फडक्यालाही लागतं. आणि आपण काय म्हणतो? रंधा मारणं, झाडू मारणं, पोछा मारणं, रंगाचा हात मारणं. पृष्ठभागावरून काहीतरी लांब फिरवायचं असलं की दोन्ही भाषांनी एकच क्रियापद पकडून ठेवलंय, अर्थ वेगळे आहेत (काकेरुचा मूळ अर्थ टांगणं, वर घालणं असा) पण सवय तीच. मला वर्गात हे एकदम समजलं होतं आणि शेजारच्या युरोपियन मुलाला समजावताना बाईंना बराच वेळ लागला होता.

दुसरं, दाइच्या आधी कन्ना आला की ‘दाइगन्ना’ होतं, म्हणजे चुकून उलटं लिहिलं, कन्नाच्या आधी दाइ आला की. क चा ग होतो. आपल्या वाक् + ईश = वागीश ची आठवण होते, नियम वेगळा आहे पण कानाला ओळखीचं वाटतं.

प्रतिसाद

दाइगन्ना असा वेगळा शब्द लागतो म्हणजे दाइ नसलेलाही कन्ना असणार?

प्रतिसाद (धागाकर्ता)

अगदी बरोबर पकडलंत. ‘यारीगन्ना’. यारी म्हणजे भाला. लांब दांडा आणि पुढे भाल्याच्या पानासारखं थोडं वर वळलेलं पातं, ठोकळा नाहीच. ठोकळ्याचा रंधा जपानात साधारण १५व्या-१६व्या शतकाच्या सुमारास रुळला, त्याआधी मोठमोठी देवळं या भाल्याने तासलेली आहेत. पुढे हे हत्यार वापरातून जवळजवळ गेलंच होतं. होर्यूजी देवळाचे सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांनी जुन्या खांबांवरच्या खुणा बघून ते परत घडवून घेतलं आणि वापरात आणलं. त्याने तासलेलं लाकूड गुळगुळीत नसतं, लहान लहान पन्हळी उमटतात, उजेड तिरका पडला की पाण्यावरच्या लाटांसारख्या दिसतात.

म्हणजे मूळ हत्यार पातंच, ठोकळा नंतर आला. त्यामुळेही मला वाटतं की पातं हा पाहुणा नाही, ठोकळाच नवा आलेला आहे आणि त्यानेच जुळवून घ्यायचं. खरवडतातही लाकडालाच, पात्याला नाही.

प्रतिसाद

मी धंद्याने सुतार, ३० वर्षं झाली. लाकडी रंधा मी स्वतः दोन बनवलेत पण पाचरीचे. तुमचं वर्णन वाचलं. आमच्यात म्हणतात पातं ‘सूत धरत नाही’ किंवा ‘सुतात आलं’. सगळं सुतातच असतं. सूत म्हणजे दोरा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि माणसामाणसाचं जमतं तेव्हाही आपण सूत जमलं म्हणतो. तुम्हाला मैत्रीचा शब्द पाहिजे आणि सुतारीचा पण पाहिजे तर हा घ्या.

एक सावधगिरी सांगतो. बाभळ कडक आहे पण पावसाळ्यात काम करते, म्हणजे फुगते-आकसते. पात्याच्या दोन्ही कडांना खाचेत थोडी मोकळीक ठेवा. पुढून मागून घट्ट चालेल, बाजूने घट्ट नको, लाकूड आकसलं की लोखंड आकसत नाही आणि ठोकळा उभा चिरतो.

प्रतिसाद (धागाकर्ता)

दादा, नमस्कार, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. बाजूच्या मोकळिकीचं तिकडेही अगदी हेच सांगतात. माझी डावीकडची खाच घट्ट होती, आज सकाळी बारीक करवतीने मोकळी केली.

आणि सुतावरून एक गंमत वाटण्यासारखी गोष्ट. जपानी ‘सुन’ म्हणजे ३.०३ सेंटिमीटर आणि त्याचा दहावा भाग ‘बु’, म्हणजे ३.०३ मिलिमीटर. आपलं सूत इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. दोन सुतारांनी कधी एकमेकांना पाहिलं नाही आणि दोघांच्या हातातलं बारीक माप केसाएवढ्या फरकाने सारखं! हातातल्या पेन्सिलीच्या रेघा आणि पटाशीची टोकं बघून नजरेला जे सहज वेगळं दिसतं तेच माप होत असणार असं माझं मत.

प्रतिसाद

पात्याचे शब्द राहिले की. आमचे वडील पोलादाला ‘पाणी देणं’ म्हणायचे, जपानी काय म्हणतात?

प्रतिसाद (धागाकर्ता)

‘याकिइरे’, म्हणजे भाजणं आत घालणं असं काहीतरी. लाल तापवून पाण्यात बुडवायचं, क्रिया एकच. आपण त्यातलं पाणी उचललं, त्यांनी आग. पाणीदार हा शब्द आपल्याकडे हत्याराला, घोड्याला, डोळ्यांना लागतो, तो मला त्यांच्या शब्दापेक्षा जास्त आवडतो हे सांगून टाकतो.

पातं दोन थरांचं असतं, धारेकडे पातळ कडक पोलाद, ‘हागाने’, आणि पाठीला मऊ लोखंड, ‘जिगाने’, भट्टीत एकत्र जोडलेलं. पोलादांची नावं कागदांवरून आहेत, ‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद आणि ‘आओगामी’ म्हणजे निळा कागद, कारखान्यातून ज्या रंगाचा कागद लावून यायचं त्यावरून. पोलादाच्या सपाट बाजूला मध्ये थोडा खळगा असतो, ‘उरा’, त्यामुळे घासताना फक्त कडा दगडाला लागतात. धार लावून लावून तो खळगा धारेपर्यंत पोचला की मऊ लोखंडावर हातोडीने हलके ठोके देऊन पोलाद पुढे ढकलतात, त्याला ‘उरादाशी’. याला मी ‘मठारणं’ लिहिलंय. पुण्यात तांबट लोक तांब्याच्या भांड्यावर ठोके देतात त्याला मठारकाम म्हणतात, हेतू वेगळा पण हात तोच, एका जागी जोर नाही, ठोक्याला ठोका लागून जायचा.

आणि पात्यालाच एक शब्द आहे ‘हो’, म्हणजे कणीस. आपलं पातं गवताचंही असतं. त्यांनी शेतातून कणीस आणलं, आपण पान.

प्रतिसाद

जे लांब पापुद्रे निघतात त्यांना काय म्हणायचं? भुसा तर करवतीचा असतो, ढलपी तासल्याची.

प्रतिसाद

आम्ही सालपटं म्हणायचो. चुलीला पेटवणाला सालपटंच लागायची.

प्रतिसाद (धागाकर्ता)

‘कन्नाकुझु’, कुझु म्हणजे कचरा. पण याच कचऱ्यासाठी तिकडे माणसं जमतात, १९९७ पासून ‘केझुरोकाइ’ नावाची मंडळी आहे, सर्वांत पातळ आणि अखंड सालपट कोण काढतो ते बघायला, दहा मायक्रॉनच्या आतली निघतात, हातावर ठेवली तर खालच्या रेषा दिसतात. नावातलं ‘केझुरो’ म्हणजे ‘चला, रंधूया’. सालपट लिहितो वहीत, पेटवणाची आठवणही सोबत लिहितो.

नाजिमीचं असं ठरवलंय. जागेला बैठक. क्रियेला रुळणं. आणि जुळल्याची खूण पटली की ‘सुतात आलं’, दादांचा शब्द. ‘मिळून आलं’ मी ठोकळा आणि त्याला पाजलेल्या तेलासाठी राखून ठेवतोय, ते खरंच परत वेगळं होत नाही.

आत्ता अकरावी फेरी झाली. पातं हाताने दाबून ठोकळ्याच्या तोंडापासून, म्हणजे धार बाहेर येते त्या फटीपासून, साधारण दीड सूत वर थांबतं, काळे ठिपके डावीकडे दाट आणि उजवीकडे विरळ आहेत. पाऊस थांबेपर्यंत हात लावणार नाही.

प्रतिसाद

दीड सूत बरोबर आहे. दसऱ्यानंतर परत काजळ लावून बघा, ठिपके जागा बदललेले दिसतील.