मदत हवी आहे: जुन्या कानशीपासून घरीच हत्यारं करतेय, पाणी देताना (तापवून बुडवून कडक करताना) चुकतंय (सांगली)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात राहते. प्रश्न जरा लांब आहे, पण काय काय केलं ते सगळं सांगितल्याशिवाय कुठं चुकलं ते कुणाला कळायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं सागवानी चार खिडक्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमचा खालचा मजला पाण्यात होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. सागवान कुजलं नाही, पण चौकटीच्या खाचेत गाळ बसला. त्यावर आम्हीच घाईघाईनं लांबी भरून ऑइलपेंट मारून घेतला, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात झडपा अडकतात. दोन सुतार बघून गेले. दोघांचंही म्हणणं एकच, काढून टाका आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवा. मला त्या खिडक्या काढायच्या नाहीत. त्या खिडकीत बसून माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षं धान्य निवडलं आहे.

म्हणून स्वतःच करायला घेतलं, आणि दोन गोष्टींवर अडलं.

एक म्हणजे खाच जेमतेम अर्धा इंच रुंद आहे आणि कोपऱ्यात काटकोनात वळते. बाजारातलं खरवडायचं पातं दोन इंची, सरळ. ते आत जातच नाही. मला अरुंद, टोकाला वाकवलेलं, ओढून खरवडता येईल असं पातं हवं आहे.

दुसरं, बिजागऱ्यांचे पितळी स्क्रू. जुने, एका चिरेचे, आणि चीर अगदी बारीक. दुकानातल्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, त्यामुळे ते चिरेच्या फक्त वरच्या काठावर टेकतं आणि जोर लावला की उसळून बाहेर येतं. तीन स्क्रूंच्या चिरा अशानं खराब झाल्यावर मी थांबले. टोक दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं, चिरेत तळापर्यंत गच्च बसणारं हवं.

सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, माधवनगरला गिरणीत फिटर होते. आता ते नाहीत. त्यांची हत्यारांची पत्र्याची पेटी पुरात बुडाली होती. पाणी ओसरल्यावर उघडली तर सगळ्या कानशी एकमेकींना चिकटून गंजाचा एकच गोळा झालेला. ऊसवाल्या एका शेजाऱ्यांनी सुचवलं म्हणून बादलीत एक भाग मळी (साखर कारखान्यातला काकवीसारखा पाक) आणि नऊ भाग पाणी करून त्यात पंधरा दिवस बुडवून ठेवल्या. वास फार येतो, बादली परसात ठेवा. पण गंज असा सुटला की ब्रशनं घासल्यावर खालून करडं पोलाद निघालं. दात मात्र बोथट झालेले, त्यामुळे कानस म्हणून आता उपयोग नाही. त्यांचीच हत्यारं करावीत असं तिथं मनात आलं.

जे जमलं ते आधी सांगते, कुणाला उपयोगी पडेल.

टोच्या: सायकलच्या जुन्या स्पोकचा चार इंची तुकडा, टोक सहाणेवर पाणी लावत घासलं. स्पोक तापवायचा नाही. तार मुळातच ओढून कडक केलेली असते, तापवली की मऊ पडते. मूठ बाभळीच्या फांदीची. फांदी सावलीत दोन महिने वाळवली. मूठ चिरू नये म्हणून पुढच्या टोकाला रॉकेलच्या मोडक्या स्टोव्हच्या पितळी नळीची कडी ठोकली. आण्णा तिला साम म्हणायचे. स्क्रूच्या जागा आखायला हा टोच्या आता रोज हातात असतो.

मोगरी: चिंचेच्या लाकडाचा ठोकळा, मध्ये भोक, दांडा खालून निमुळता करून वरून घातला. फटका मारावा तसा ठोकळा आणखी घट्ट बसतो.

आता चुकलं ते.

पहिली कानस, आठ इंची. लोखंडी शेगडीत कोळसा पेटवून हेअर ड्रायरनं वारा घातला. दुपारी जेवणं झाल्यावर अंगणात केलं. लाल झाल्यावर राखेत पुरून रात्रभर ठेवली, सकाळी मऊ झाली होती. हॅक्सॉनं कापली, घासली, टोक तापवून वाकवलं. तिथवर छान. मग पुन्हा दुपारीच तापवली, चांगली लाल दिसेपर्यंत थांबले, आणि बादलीतल्या पाण्यात बुडवली. ‘टिक’ असा बारीक आवाज झाला. बाहेर काढली तर वाकवलेल्या जागी केसासारखी आडवी रेघ. बोटानं दाबलं आणि टोक हातात आलं. तुटलेल्या जागी आत साखरेसारखे चकाकणारे दाणे दिसत होते.

दुसरी कानस. पाण्याऐवजी शेंगतेल घ्यायचं ठरवलं. दिवसा ऊन लागतं म्हणून या वेळी रात्री नऊनंतर अंगणातला दिवा बंद करून केलं. छान लाल दिसली, लगेच तेलात घातली. तडकली नाही, वाकडी झाली नाही. पण गार झाल्यावर धड दातांच्या एका वेगळ्या कानशीनं घासून बघितलं तर ती सहज खात होती. म्हणजे पाणी चढलंच नाही. खाचेत चार वेळा ओढल्यावर धार मुडपली.

प्रश्न असे:
पाण्यात तडकते आणि तेलात कडक होत नाही, मग बुडवायचं कशात?
वाकवलेल्या जागीच का तुटलं?
स्क्रू ड्रायव्हर आणि खरवडणी दोघांना एकसारखंच पाणी द्यायचं का?

आण्णांच्या कानशी आता दोनच उरल्या आहेत. त्या वाया घालवायच्या नाहीत. कृपया ज्यांनी स्वतः हातानं केलं आहे त्यांनी सांगावं.

प्रतिसाद १ (कराड)

ताई, तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. पहिली दुपारी केलीत, दुसरी रात्री अंधारात. उन्हात लाल रंग फिका दिसतो. तुम्हाला ‘चांगली लाल’ दिसली तेव्हा ती प्रत्यक्षात नारिंगीच्या पुढं गेली असणार. जास्त तापलं की पोलादाचा दाणा फुगतो, तेच ते साखरेसारखे दाणे. नीट पाणी दिलेलं पोलाद मोडलं तर आत बारीक करडं, मखमलीसारखं दिसतं. आणि अंधारात उलटं होतं, जरासं तापलं तरी लालबुंद वाटतं. दुसरी कानस पुरती तापलीच नव्हती. दोष तेलाचा नाही.

आमचे वडील लोहारकाम करायचे. गावातली खुरपी, विळे, कोयते शेवटायला (धार काढायला) आमच्याकडं यायचे. भात्याच्या तोंडावर नेहमी अंधार ठेवायचे. उजेड आला की ओरडायचे. मला लहानपणी वाटायचं धग लागू नये म्हणून छप्पर इतकं खाली घेतलंय. ते रंग कळावा म्हणून होतं.

डोळ्यावर भरवसा नसेल तर लोहचुंबक घ्या. मोडक्या स्पीकरमधला चालतो, तारेला बांधा. पोलाद ७७० अंशांच्या आसपास गेलं की त्याला चुंबक चिकटत नाही. चिकटणं बंद झाल्यावर किंचित आणखी तापू द्या आणि लगेच तेलात. चुंबक शेगडीत धरू नका, कानस बाहेर काढून क्षणभर लावून बघा.

प्रतिसाद २ (मिरज)

वरच्या दादांचं बरोबर आहे. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत होतो, दोन गोष्टी जोडतो.

वाकवलेल्या जागी तुटलं, कारण तुम्ही दात पूर्ण घासून काढले नसणार. कानशीच्या प्रत्येक दाताच्या मुळाशी खोल खाच असते. गार होताना पोलादात ताण येतो आणि तो अशाच खाचेत फाट शोधतो. पाणी देण्याआधी निदान पुढच्या दोन इंचांत एकही दात दिसता कामा नये. अंगठा फिरवून गुळगुळीत लागलं पाहिजे. वाकवण्याचा कोपराही टोकदार नको, गोलाई ठेवा.

चांगल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. तुम्ही बांधकामाची सळई घेतली असती तर कितीही तापवून बुडवा, इतकी कडक झाली नसती, तिच्यात कार्बन फार कमी असतो. तुमची वस्तू पातळ आहे, तेव्हा तेल पुरे. मात्र थंडगार तेल घट्ट असतं आणि उष्णता हळू ओढतं. आधी बोट जेमतेम सहन करेल इतकं कोमट करा. भांडं लोखंडी, वर झाकण हाताशी. भडका उडालाच तर झाकण टाका, पाणी कधीही ओतू नका. चष्मा लावा. आणि गॅल्व्हनाइज्ड काहीही शेगडीत घालू नका, जस्ताचा धूर विषारी असतो.

आता तिसरा प्रश्न. नाही, दोघांना एकसारखं नाही. तेलातून निघालेली वस्तू काचेसारखी असते, तशीच वापरली तर मोडणार. तिला पुन्हा थोडं तापवून तिचा कडकपणा जरा उतरवावा लागतो. आधी एका बाजूला पॉलिश पेपरनं चकचकीत करा म्हणजे रंग दिसतील. खरवडणीला धार टिकायला हवी, म्हणून गवताच्या काडीसारखा पिवळा, साधारण २०० ते २३० अंश. घरात ओटीजी (विजेची छोटी भट्टी) असेल तर त्यात तासभर, गार करून पुन्हा तासभर. स्क्रू ड्रायव्हरला पीळ सहन करायचा असतो, त्याचं टोक जांभळ्याच्या पुढं निळ्यावर न्या, साधारण ३०० अंश. ज्योत टोकाला लावायची नाही, दोन इंच मागं लावायची. रंग आपोआप पुढं सरकत येतील, आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. टोकाला निळा पोचला की गार पाण्यात.

प्रतिसाद ३ (वाई)

आमच्याकडेही जुनं घर आहे म्हणून धागा वाचतेय. ताई, ऑइलपेंट जुना असेल तर कोरडा खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं. पाण्याचा फवारा मारून ओलं करून खरवडा, तोंडाला मास्क लावा, आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत. खाली वर्तमानपत्र अंथरून सगळा कचरा त्यातच गुंडाळून टाका.

धागाकर्तीचा प्रतिसाद, बारा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं.

दात घासून काढायलाच दोन संध्याकाळी गेल्या. शेगडी जिन्याखाली नेली, तिथं दुपारीही मिणमिणता उजेड असतो, आणि दार सताड उघडं ठेवलं. चुंबक स्पीकरचाच. पहिल्यांदा लावला तेव्हा कानस लाल दिसत होती आणि चुंबक टचकन चिकटला. मागच्या खेपेला मी नेमकी इथंच थांबले होते! आणखी दीड-दोन मिनिटं वारा घातला, मग चिकटेना. एक सावकाश श्वास घेतला आणि तेलात. धूर झाला, भडका नाही. गार झाल्यावर ती धड दातांची कानस तिच्यावरून नुसती घसरली, काचेवरून घसरावी तशी. मला त्या घसरण्याचा आवाज अजून ऐकू येतोय.

खरवडणी ओटीजीत २१० वर दोनदा ठेवली. अंगावर फिकट पिवळा आला. चारपैकी दोन खिडक्यांच्या खाचा साफ झाल्या, धार एकदाच लावावी लागली. वाईच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे ओलं करूनच खरवडलं. रंगाखाली लांबी, लांबीखाली गाळ, तो वाळून विटेसारखा झालेला, आणि त्याच्याखाली सागवानाचा तोच तांबूस रंग.

स्क्रू ड्रायव्हरचा रंग सरकताना बघायला मुलगा आला होता. निळा फार झपाट्यानं येतो, पाण्याचं भांडं आधीच जवळ ठेवा. टोक चिरेत मापून घासलं, हलवलं तर स्क्रूसकट बिजागरी हलते इतकं गच्च बसतं. खराब चिरा हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं पुन्हा खोल केल्या. बारापैकी अकरा स्क्रू निघाले. बाराव्याचं डोकं तुटून बाकीचा लाकडातच राहिला. तो चौकट न फोडता कसा काढावा?

प्रतिसाद ४ (कराड)

त्यालाही घरचंच हत्यार आहे. स्क्रूपेक्षा जरा मोठ्या भोकाची पातळ लोखंडी नळी घ्या, मोडक्या छत्रीची दांडी चालेल, पोकळ बघून घ्या. एका टोकाला त्रिकोणी कानशीनं पाच-सहा दात पाडा. ड्रिलमध्ये लावून स्क्रूभोवती सावकाश, उलट्या दिशेनं फिरवा, म्हणजे दात स्क्रूला धरले तरी तो बाहेरच येईल. नळीला पाणी द्यायची गरज नाही, ती मऊच असते आणि एक-दोन भोकांपुरती टिकते. दात पाडताना त्यांची तोंडं उलट्या फिरण्याच्या दिशेला ठेवा. स्क्रू लाकडाच्या गोळीसकट निघेल. त्या भोकात सागवानाचीच गोळी डिंक लावून ठोका, धागे चौकटीच्या धाग्यांना समांतर ठेवा, आणि एक दिवस वाळल्यावर तुमच्या त्या टोच्यानं नवीन जागा आखा.

धागाकर्ती

छत्री सापडली. रविवारी करते.