सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझआधी आईवडिलांच्या कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

मुलुंडची_लेक :
नमस्कार. जानेवारीत मी, माझे यजमान, नववीतला मुलगा आणि माझे आईवडील असे आम्ही पाच जण मुंबईहून विमानाने सिंगापूरला जाऊन तिथून चार रात्रींच्या क्रूझवर निघणार आहोत. वाटेत जहाज पेनांग आणि फुकेतला थांबेल. बाबा ७६ वर्षांचे असून त्यांना तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे. आई ७१ वर्षांची आहे आणि मधुमेहासाठी इन्सुलिन घेते. आमचा एजंट म्हणतो की आता काहीच लागत नाही. माझा मोठा भाऊ मात्र सगळ्यांची कोविडची आरटीपीसीआर चाचणी करूनच निघावे यावर अडून बसला आहे, कारण २०२२ मध्ये त्याच्या ओळखीच्या एका कुटुंबाला अहवालाच्या घोळामुळे बंदरावरून परत फिरावे लागले होते. नेमकी कोणती तपासणी करावी, किती दिवस आधी करावी आणि कागदोपत्री काय जवळ ठेवावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास बरे होईल. माझे दीरही नैरोबीहून थेट सिंगापूरला येऊन आम्हाला भेटणार आहेत. त्यांना काही वेगळे लागेल का?

पार्ल्याचा_प्रवासी :
ताई, तुमच्या भावाची धास्ती निराधार नाही, फक्त ती चार वर्षांपूर्वीची आहे. आमचे काय झाले ते सांगतो, म्हणजे तो घोळ कसा होत असे हे कळेल.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही बार्सिलोनाहून क्रूझ घेतली होती आणि कंपनीची अट ‘बोर्डिंगपूर्वी ४८ तासांच्या आतील चाचणी’ अशी होती. आम्ही गुरुवारी सकाळी आठ वाजता पार्ल्यात नमुना दिला, रात्री आठ वाजता अहवाल हातात आला आणि तास त्या वेळेपासून मोजायचे असे गृहीत धरून निश्चिंत झालो. शनिवारी दुपारी एक वाजता बंदरावरच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी अहवालावरची नमुना घेतल्याची वेळ पाहिली, आपल्याकडचे सकाळचे आठ म्हणजे तिथले पहाटेचे साडेचार असा हिशेब केला आणि शांतपणे सांगितले की साडेछप्पन तास झाले आहेत. अहवालाच्या वेळेपासून मोजले असते तर साडेचव्वेचाळीस तास झाले होते आणि आम्ही बसलो असतो. त्यातच लॅबने सौभाग्यवतींच्या नावातून माझे नाव गाळून फक्त नाव आणि आडनाव छापले होते, तर पासपोर्टवर तिन्ही नावे होती. शेवटी बंदरावरच पैसे भरून दोघांची रॅपिड अँटिजेन चाचणी करून घेतली आणि जहाज सुटायच्या दीड तास आधी आत शिरलो. त्या दीड तासात आमच्यात जे संभाषण झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आता परिस्थिती बरीच बदलली आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने क्रूझ जहाजांसाठीचा कोविड कार्यक्रम १८ जुलै २०२२ रोजी बंद केला, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्या काळात मोठ्या कंपन्यांनी चाचणीची सक्ती टप्प्याटप्प्याने काढली. तरीही एजंटच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. क्रूझच्या बाबतीत अटी चार ठिकाणांहून येतात. पहिली जहाज कंपनी, दुसरा जहाज जिथून सुटते तो देश, तिसरी वाटेतली बंदरे आणि चौथे, परत येताना आपला भारत. एजंटला बहुतेक वेळा यांपैकी पहिलेच ठाऊक असते. तुमच्या सफरीची तारीख आणि बुकिंग क्रमांक घालून कंपनीला ईमेल करा, आलेले उत्तर छापून पासपोर्टसोबत ठेवा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी संकेतस्थळ पुन्हा एकदा पाहा. एखादी अट मधेच आलीच, तर तास नमुन्याच्या वेळेपासून मोजायचे की अहवालाच्या, हे लेखी विचारून घ्या.

सिंगापूरसाठी एसजी अरायव्हल कार्ड भरावे लागते आणि त्यातच आरोग्याची माहिती असते. पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांतच ते भरता येते आणि ते मोफत आहे. हुबेहूब दिसणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळे बरीच आहेत, तेव्हा तिथल्या इमिग्रेशन खात्याच्याच संकेतस्थळावर भरावे.

दादरची_सुनंदा :
मी तुमच्या भावाच्या बाजूने आहे. चाचणी करून घेतली तर बिघडते काय? २०२० मध्ये योकोहामाला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेसवर सातशेहून अधिक लोक बाधित झाले होते आणि त्या जहाजावर आपले १३८ भारतीय होते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया या क्रूझ जहाजावरही ६६ जण बाधित आढळले होते. घरात वडीलधारी माणसे असताना निश्चिंतपणा पाचशे-हजार रुपयांत मिळत असेल तर तो घ्यावा.

गिरगावचे_डॉक्टर :
सुनंदाताई, बिघडते ते असे. आरटीपीसीआर ही चाचणी विषाणूच्या जनुकीय पदार्थाचे अवशेषही पकडते, त्यामुळे बरा झालेला आणि इतरांना संसर्ग न देणारा माणूस पुढे कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. समजा, डिसेंबरच्या मध्यात बाबांना सर्दी-खोकला होऊन गेला आणि जानेवारीत कोणीही न मागितलेली चाचणी पॉझिटिव्ह आली, तर कंपनीच्या फॉर्ममध्ये ते लपवायचे की सांगायचे, असा पेच तुम्ही स्वतःहून ओढवून घ्याल. लक्षणे नसताना आणि कोणी मागितलेली नसताना ही चाचणी करू नये, असे माझे मत आहे. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कोणाला ताप किंवा खोकला आला, तर मात्र घरी रॅपिड अँटिजेन करावी आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

जहाजावर मला कोविडपेक्षा पोटाच्या विकारांची काळजी अधिक वाटते. नोरोव्हायरसचा संसर्ग झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि बंदिस्त जागेत तो झपाट्याने पसरतो. म्हणूनच बोर्डिंगच्या वेळी मिळणाऱ्या फॉर्ममध्ये गेल्या दोन-तीन दिवसांतील ताप, उलट्या आणि जुलाब यांबद्दल विचारलेले असते. त्याचे खरे उत्तर द्यावे. उत्तर ‘हो’ असले म्हणजे प्रवेश नाकारतातच असे नाही. अनेकदा जहाजाचे डॉक्टर तपासून ठरवतात. सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही, त्यामुळे बुफेला जाण्याआधी साबण आणि पाण्याने हात धुवावेत. मधुमेही माणसाला उलट्या-जुलाबांत साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो, म्हणून अशा वेळी इन्सुलिन किती घ्यायचे हे आईंनी आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून आणावे.

आता तुमच्या आईवडिलांसाठी खरोखर उपयोगी पडेल असे सांगतो. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी दोघांची नेहमीची तपासणी, म्हणजे रक्तदाब, साखर, ईसीजी आणि पेसमेकरची तपासणी, करून घ्या. फ्लूची लस अद्याप घेतली नसेल तर ती निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. डॉक्टरांच्या लेटरहेडवर आजार, औषधांची ब्रँड नावे नव्हेत तर मूळ नावे, मात्रा आणि ‘प्रवासास योग्य’ असा शेरा घ्यावा. बाबांचे पेसमेकर कार्ड खिशातच असावे आणि ते सुरक्षा तपासणीआधी दाखवावे. इन्सुलिन आणि सुया हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, कारण बंदरावर मोठ्या बॅगा वेगळ्या घेतल्या जातात आणि केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते. शिवाय विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठण्याचा धोका असतो.

पार्ल्याचा_प्रवासी :
मुलुंडच्या ताई, दिरांचा मुद्दा राहिला होता. नैरोबीहून येणाऱ्यांसाठी पिवळ्या तापाच्या लशीचे प्रमाणपत्र लागते, कारण केनिया त्या आजाराच्या देशांपैकी आहे. अशा देशात गेल्या सहा दिवसांत राहिलेल्या प्रवाशाकडून सिंगापूर ते मागते, आणि दीर तुमच्यासोबत भारतात येणार असतील तर आपल्याकडेही ते मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. जुने पिवळे पुस्तक, म्हणजे या प्रमाणपत्राची पुस्तिका, सापडले तर नवी लस घ्यायची गरज नाही. जहाजावर चढताना नेमका हाच एक कागद नसल्याने अडलेले एक जोडपे मी पाहिले आहे.

ठाणेकर_स्नेहा :
एक छोटी भर घालते. कुटुंबात कोणी गर्भवती असेल तर बहुतेक कंपन्या सफर संपेपर्यंत २४वा आठवडा लागत असल्यास घेत नाहीत. लहान मुलांना साधारण सहा महिन्यांचे झाल्याशिवाय घेत नाहीत, आणि लांबच्या सागरी सफरींसाठी ही मर्यादा एक वर्षाची असते. तुम्हाला ते लागू नाही, परंतु हा धागा पुढे कोणी वाचील.

मुलुंडची_लेक :
सर्वांचे मनापासून आभार. भावाला हे सगळे वाचून दाखवले. बार्सिलोनाचा हिशेब ऐकून तो हसला आणि आरटीपीसीआरचा हट्ट त्याने सोडला. कंपनीला ईमेल केला होता, आज उत्तर आले. चाचणी किंवा लसीकरणाचे प्रमाणपत्र लागत नाही, चढताना आरोग्याचा फॉर्म भरावा लागेल आणि अटी बदलल्यास त्या संकेतस्थळावर दिसतील, असे त्यात लिहिले आहे. दिरांचे पिवळे पुस्तक त्यांच्या कपाटात सापडले. विमा कंपनीलाही फोन केला. आधीपासून असलेले आजार लपवून पॉलिसी घेतली तर जहाजावरच्या उपचारांचा आणि तातडीने किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च मिळणार नाही असे कळले, म्हणून दोघांचे आजार लिहून थोडा अधिक हप्ता भरला. डॉक्टरसाहेब, एकच शंका उरली आहे. बाबांना हिवाळ्यात कोरड्या खोकल्यासाठी कोडीन असलेले सिरप दिलेले असते. ते सोबत न्यावे का?

गिरगावचे_डॉक्टर :
नेऊ नये. कोडीन आणि डायझेपामसारखी झोपेची औषधे सिंगापूरमध्ये नेण्यासाठी तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. बाबांच्या डॉक्टरांना सांगून कोडीन नसलेला पर्याय लिहून घ्या, आणि त्यांची रात्रीची गोळीही एकदा त्यांना दाखवा.