पडदा पडला, तरी खुर्चीतून उठवेना

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथून आपण मराठी नाटकाचं वय मोजतो. 5 नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला दरवर्षी आवडत्या नाटकांच्या याद्या होतात. यंदा यादी नको, एक प्रयोग सांगा. पडदा पडला, दिवे लागले, बाजूचे लोक चपला शोधायला लागले आणि तुम्हाला काही उठवेना, असा. कुठे पाहिलात, सोबत कोण होतं, नेमकं काय दिसलं, तेवढं लिहा. दशावतार, झाडीपट्टी, हौशी, व्यावसायिक, सगळं चालेल.

ठाणे

सासूबाईंना 'संगीत देवबाभळी'ला नेलं होतं, गडकरी रंगायतनला. त्या वारकरी घरातल्या, पण थिएटरात नाटक असं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. तिसरी घंटा झाली, अंधार झाला तसा त्यांनी पदर सावरून घेतला, देवळात बसल्यासारखा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुकोबांना भाकरी घेऊन निघालेल्या गरोदर आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो. तो काढायला खुद्द विठ्ठल येतो आणि जखम भरेपर्यंत तिची सेवा करायला रखुमाईला पाठवतो. ती येते लखूबाई होऊन. दोनच पात्रं, दोघीही बायका. एकीचा नवरा देवापायी घर विसरलेला, दुसरीचा देव असूनही घरी न सापडणारा. प्राजक्त देशमुखांनी हे लिहिलंय आणि बसवलंयही. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत मराठीत बाईच्या रागाला इतकं प्रेमाने कुणी जवळ घेतलेलं नाही. आवली विठ्ठलाला शिव्या घालते तेव्हा पहिल्यांदा लोक हसतात. नंतर नंतर कुणी हसत नाही.

मध्येच कधीतरी सासूबाईंनी माझं मनगट धरलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. बाहेर आलो, रिक्षात बसलो. तीन हात नाका आला तरी गप्प. मग म्हणाल्या, "लखूबाई निघून गेल्यावर आवलीकडे कोण बघत असेल गं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं स्वतःचं पहिलं बाळंतपण कसं झालं, हे त्यांनी त्या रात्री पोळ्या लाटताना मला पहिल्यांदा सांगितलं.

पुणे

आमच्या घरात 'घाशीराम कोतवाल' वडिलांच्या अंगात होतं. ते तेव्हा कॉलेजात होते. 1972च्या डिसेंबरात नाटक आलं, आणि 19 प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं. त्या 19 पैकी एक बाबांनी पाहिलेला. पुढे कलाकारांनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं तेव्हा परत जाऊन पाहिलं. मी सात-आठ वर्षांची असताना ते मला स्वयंपाकघराच्या दारात ती ब्राह्मणांची रांग करून दाखवायचे. हात कमरेमागे, अंग डावीउजवीकडे डोलवायचं आणि एकदम पाठ फिरवायची. "झाली भिंत!" एकट्या माणसाची भिंत ती, मला काहीच कळायचं नाही.

बाबा गेल्यानंतर दोन वर्षांनी एका हौशी संघाचा प्रयोग पाहिला. मुलं अगदी नवखी होती, गाणीही कच्ची. पण ती रांग डोलायला लागली, वळली, आणि समोर नुसत्या पाठीच पाठी. त्या भिंतीआड जे चाललंय ते लपवणारी माणसं तीच, गाणारीही तीच. केवढं सोपं आणि केवढं भयंकर! दिग्दर्शक जब्बार पटेलांनी हे माणसांकडून करून घेतलं, म्हणूनच ते लागतं, तिथे खरा पडदा असता तर काहीच झालं नसतं. डावीकडून तिसरा मुलगा पाठ फिरवताना अगदी बाबांसारखा खांदा उडवत होता. मध्यंतरात वडा घ्यायला उठलेच नाही.

कुडाळ

"धयकालो बघूक येतलंस मां?" असं आजीने विचारलं की मी दुपारीच झोपून घ्यायचो. धयकालो, म्हणजे जत्रेतला दशावतार, रात्री उशिरा उभा राहणार तो पहाटेपर्यंत. नेपथ्य म्हणाल तर एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच डोंगर. बाजूला पेटी, पखवाज, झांज. लिहिलेली संहिता नाही, आख्यान ठरलं की संवाद तिथल्या तिथे.

दहा-बारा वर्षांचा असेन. देवळामागे गेलो तर एक काका पेटाऱ्यावर आरसा टेकवून रंगायला बसलेले. हाताला भाताच्या कापणीचे चरे. त्याच हातांनी त्यांनी भुवया कोरल्या, नऊवारी नेसली, केसांत अबोली माळली. मी समोर उभा होतो, सगळं बघितलं होतं. तरीही तासाभराने ती राणी मुलासाठी रडली तेव्हा मी आजीच्या मांडीत तोंड खुपसून रडलो. आता मुंबईत मोठमोठी नाटकं बघतो, आवडतातही. पण सगळी रंगरंगोटी डोळ्यांदेखत होऊनही जे खरं वाटलं, ते तेवढ्या जोरात परत वाटलेलं नाही.

सोलापूर

मोबाईल बंद ठेवा, एवढंच लिहितो. मुलीच्या मृत्यूची बातमी येणारा प्रवेश होता, आणि माझ्या पुढच्या रांगेत कुणीतरी तो चित्रित करत होतं. नट थांबले नाहीत. मला मात्र त्या चौकोनी उजेडापलीकडे काही दिसेना.

गडचिरोली

झाडीपट्टीबद्दल कुणी लिहील म्हणून थांबले होते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या मैत्रिणींनी मला विचारलं, झाडीपट्टी म्हणजे काय? धान निघालं की आमच्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. वडसा हे नाटक कंपन्यांचं गाव. नाटकाच्या दिवशी घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांत हमखास एखादा लग्नाचा मुलगा. माझ्या आईला असंच पाहिलं, मंडपात, थंडीत, शाल गुंडाळून. दुसऱ्या अंकाला तिचा डोळा लागला होता आणि बाबांना तेवढंच आठवतं. नाटकाचं नाव दोघांनाही आठवत नाही.

कोल्हापूर

मी नट म्हणावा असा नाही. राज्य नाट्य स्पर्धेत केशवराव भोसले नाट्यगृहात हवालदार झालो होतो, चार वाक्यांचा. डाव्या विंगेतून येताना एक फळी वाजायची. तालमीच्या दिवशीच जुन्या मंडळींनी दाखवून ठेवली होती, "हिच्यावर पाय द्यायचा न्हाई." सगळे ती ओलांडून प्रवेश करायचे. राजर्षी शाहूंनी 1915 साली बांधलेलं ते थिएटर, पॅलेस थिएटर म्हणायचे तेव्हा. ती फळी कधीची होती कुणास ठाऊक.

8 ऑगस्ट 2024च्या रात्री आग लागल्याचा फोन आला तसा पळालो. खासबागच्या बाजूला गर्दी. रंगभूषा करणारे, पडदे ओढणारे, कधीकाळी तिकिटं फाडणारे, सगळे रस्त्यावर उभे राहून रडत होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

तुम्ही प्रयोग विचारलात. माझा तोच, चार वाक्यांचा. माझं काम झालं, मी आत आलो आणि उरलेलं नाटक डाव्या विंगेत उभं राहून पाहिलं, त्या फळीच्या अलीकडे, अंग चोरून. पुनर्बांधणीचं काम सुरू झालंय. झालं की डाव्या विंगेतून एकदा चालत जाणार आहे.