पुण्यात वारज्याच्या पॅलिएटिव्ह (आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) सेंटरला दिवसा जाऊन येणारं कोणी आहे का इथे?

निशिगंधा५२: मी स्वतः पेशंट आहे. ओव्हरीचा कॅन्सर, तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले की आता केमोने फायदा कमी आणि त्रासच जास्त होईल. त्यांनीच वारज्याच्या सिप्ला सेंटरचं नाव सांगितलं, भरती व्हायला नको, दिवसा जाऊन संध्याकाळी घरी यायचं. पण घरात विषय काढला की ह्यांचा चेहरा उतरतो, सासूबाई म्हणाल्या तिथं नेतात म्हणजे आशाच सोडली. मला अजून चालता येतंय हो, स्टुलावर बसून भाजी निवडते. पण दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा नुसती भिंतीकडे बघत पडून असते, आणि संध्याकाळी मनातलं काही बोलायला गेलं की "असलं बोलायचं नाही" म्हणून सगळे उठून जातात. खर्च किती येतो? आणि दुखण्यावर मॉर्फिन देतात म्हणे, त्याची फार भीती वाटते.

आबांची_लेक: ताई, खर्चाचं आधी सांगते, पैसे घेत नाहीत, १९९७ पासून सेंटर आहे आणि सगळं मोफत. आबांना फुप्फुसाचा होता. आधीच्या हॉस्पिटलने "घरी न्या, आता काही करण्यासारखं नाही" एवढंच सांगून सोडून दिलं होतं, त्याचा राग अजून जात नाही माझा. आबांना दम लागला की आम्ही नुसते घाबरून खिडक्या उघडत सुटायचो. तिथल्या सिस्टरने त्यांना टेबलावर उशी ठेवून पुढे रेलून बसायला शिकवलं आणि हातातला छोटा पंखा तोंडासमोर धरायला सांगितला, बस एवढंच, पण त्या रात्री ते चार तास सलग झोपले आणि आईसुद्धा झोपली. आम्हाला कधी न सांगितलेलं समुपदेशक मॅडमशी बोलले, गावच्या जमिनीचं, धाकट्या काकांशी बोलणं तुटलेलं त्याचं. नंतर काका येऊन भेटून गेले. जाताना फाइल, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स न्या, घरचं एक माणूस बरोबर असू द्या.

सिस्टर_निवृत्त: मॉर्फिनबद्दल सांगते, तीस वर्षं वॉर्डात काढलीत. मॉर्फिन सुरू झालं म्हणजे शेवट आला असं अजिबात नाही, दुखण्याच्या मानाने थोड्या डोसपासून सुरू करून बघत बघत वाढवतात, गोळी घेऊन घरात वावरणारी कितीतरी माणसं मी पाहिलीत. पहिले काही दिवस झोप येते, मळमळतं, ते बहुतेक वेळा कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या, लाजू नका. २०१४ ला कायदा बदलून नियम सोपे झाले तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, म्हणून दुखणं वाढायच्या आधीच अशा सेंटरशी जोडलेलं बरं.

माहीमकर: सासूबाईंना तसं वाटणं साहजिक आहे. माझी मावशी बांद्र्याच्या शांती आवेदना सदनला होती, १९८६ मधलं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांत पेशंटला सांभाळणारी जागा. तिथे राहायलाच नेतात, त्यामुळे लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. माणसं फार प्रेमाने करतात, पण आम्हीच तिला इतक्या उशिरा नेलं की तिला बोलायला ताकद उरली नव्हती. तुम्ही चालत जाऊ शकताय तोवर जा ताई.

निशिगंधा५२: सगळ्यांचे मनापासून आभार. आबांचं लिहिलेलं काल रात्री ह्यांना वाचायला दिलं. काही बोलले नाहीत, मोबाईल परत दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. सकाळी उठून बघते तर जमिनीवर बसून माझे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावत होते. सोमवारी फोन करून कुठल्या दिवशी यायचं ते विचारतोय.