एनटी स्कॅन, एआय आणि बाळाची मान
कुणीतरी लिहिलंय की सोनोग्राफीत एआय आल्यावर डॉक्टरचा हात कसा आहे याने काही फरक पडणार नाही, मशीनच सगळं मोजेल. मोजेल हो, पण त्याआधी बाळ नीट पडलेलं हवं ना! माझ्या वहिनीचा एनटी स्कॅन म्हापशात झाला तेव्हा मी आत होते. ही गरोदरपणातली सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांच्या मधे करतात, बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात. मशीनमधे ऑटो मोजणी होती, डॉक्टरने मानेवर चौकोन ठेवला की दोन रेघा आपोआप बसायच्या आणि आकडा हजर. पण डॉक्टरबाईंनी तो आकडा सरळ पुसून टाकला, कारण बाळाने मान मागे टाकलेली, आणि तशा मानेत मोजलं तर ०.६ मिमीपर्यंत जास्त येऊ शकतं. एवढ्याशा फरकानेही डाउन सिंड्रोमच्या रिस्कचा हिशोब हलतो. मग वहिनीला बाहेर चार फेऱ्या मारायला लावल्या, कूस बदलायला सांगितली, तेव्हा कुठे पोरगं सरळ झालं (हट्टी आहे, दादावर गेलंय).

आता नवीन सॉफ्टवेअर ही फ्रेम (मोजायला थांबवलेलं चित्र) बरोबर आहे की नाही हेही सांगतात म्हणे, ते मात्र मला खरंच कामाचं वाटतं, गोव्यातल्या वाळपई, काणकोणसारख्या ठिकाणी नवख्या डॉक्टरला तेवढा आधार. आणि एआयमुळे तो फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायचा सरकारी फॉर्म) टळेल असं वाटत असेल तर विसरा, गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा १९९४ चा कायदा एआय वापरला तरी लागू, सही करावीच लागते.