१४ वर्षांखालच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरला फेस मास्क सक्तीचा हवा की नको?

मैदानकरी
शालेय सामन्यांत कॅचर, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारी, नखशिखांत बांधलेली आणि चेंडू टाकणारी पिचर मात्र उघड्या तोंडाने उभी, हे कुठल्या हिशेबात बसतं? पिचर ते बॅटर अंतर ४३ फुटांचं, म्हणजे साधारण १३ मीटरचं धरा. चेंडू सोडताना पिचर पुढे झेपावते, म्हणजे बॅटपासून साडेअकरा मीटर उरतात. ताशी ८० किमीने परत आलेला चेंडू तिथे अर्ध्या सेकंदात पोचतो, आणि तेव्हा तिचा ग्लोव्ह अजून मांडीशी असतो. बंट, म्हणजे बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला चेंडू, अडवायला तिसऱ्या बेसवरची (बेस म्हणजे धावताना गाठायची गादी) फील्डर ९ मीटरवर आली आणि फटका जोरात बसला की ०.४ सेकंद. नाव 'सॉफ्ट', पण १२ इंची चेंडू १७८ ते १९८ ग्रॅमचा; क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड. पिचर, पहिली आणि तिसरी बेस, तिघींना मास्क सक्तीचा करा.

जुना_शॉर्टस्टॉप
सक्तीला विरोध. मास्क वाईट म्हणून नाही, त्याआधीची कामं पडून आहेत म्हणून. कॅचरच्या मास्कला गळ्याचं गार्ड आहे का बघा. बहुतेकदा नाडी तुटून ते किटबॅगेच्या तळाशी असतं, आणि बॅटला चाटून आलेला चेंडू जाळीखालून सरळ कंठावर.
मग बॅटरची हेल्मेटं. संघात चार, चारही एकाच मापाची. कड भुवईच्या वर एक बोट हवी, मान झटकली तर हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे. इथे ते डोळ्यांवर येतं आणि मुलगी एका हाताने सावरत पहिल्या बेसकडे पळते. आतला फोम अंगठ्याने दाबा; खळगा तसाच राहिला तर हेल्मेट बाद. वर शाळेच्या रंगाचा स्प्रे मारणारे महाभाग आहेतच! थिनरने कवच ठिसूळ होतं, तडा रंगाखाली झाकला जातो.

चुन्याची_रेघ
दोघेही मानेच्या वरच अडकलात. घोटा मुरगळतो तो बेसवर. लांब खिळ्यांनी ठोकलेला बेस हलत नाही, स्लाइड करणारीचा, म्हणजे घसरत बेस गाठणारीचा, पाय अडतो आणि अंग पुढे जातं. धक्क्याने सुटणारा बेस घ्या. पहिल्या बेसला जोडबेस: पांढरा भाग आत, केशरी फाउलच्या, म्हणजे रेषेबाहेरच्या, बाजूला. धावणारी केशरीवर, फील्डर पांढऱ्यावर, टक्करच टळते. स्वस्तात म्हणून सुटी रबरी मॅट मात्र टाकू नका. मातीवर ती पायाखालून सरकते.

मैदानकरी
बेसचं मान्य. पण हेल्मेट जुनं आहे म्हणून पिचरने दात पणाला लावायचे, हा कुठला न्याय? मास्कमधून नीट दिसत नाही अशी तक्रार मुली करतात, ती निम्मी मापाची असते. हनुवटी कपात नीट बसली नाही की मास्क वर सरकतो आणि आडवी सळी बरोबर बुबुळांसमोर येते. अंबाडा असेल तर मागचा पट्टा त्याच्या खालून घ्या.

जुना_शॉर्टस्टॉप
आणि उरलेली निम्मी? पायाशी आलेला ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचा चेंडू. मास्क घातल्यावर मान जास्त खाली न्यावी लागते, ते आठवडाभर घोटून घेतल्याशिवाय थेट सामन्यात घालायला लावणं म्हणजे चुका वाढवणं. शिवाय पिचरवर सर्वाधिक चेंडू येतात ते बॅटिंगच्या सरावात. तिथे एल आकाराची जाळी लावा: खालच्या कापलेल्या भागातून चेंडू सोडायचा आणि लगेच उंच भागाआड व्हायचं. पाइपची चौकट आणि दुहेरी नायलॉन जाळी, गावचा वेल्डर करून देईल. जाळी मात्र ढिली बांधू नका, पोटासारखी फुगून चेंडू पिचरला लागतोच.

चुन्याची_रेघ
मग निदान पिचरपुरती सक्ती करा, बेसवाल्यांना ऐच्छिक ठेवा. संघाला एकच मास्क पुरेल. दोन पिचर असतील तर पट्ट्यावर दोन रंगांच्या मार्करने दोघींच्या मापाच्या खुणा करून ठेवा. इनिंग बदलताना घाईत पट्टा आवळायचा राहतो, नेमका तेव्हाच.